परसातली शहाबादी काढून बाग करायची आहे, सासूबाई सोडून सगळे तयार

सातारकरीण (9 एप्रिल)

मंडळी, सहा वर्षांची वाचनमात्र आहे, पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उताराला. सासऱ्यांनी 1988 साली बांधलं. मागे 40 बाय 27 फुटांचं परस आहे. 1996 मध्ये नणंदेचं लग्न निघालं, मांडव परसातच घालायचा ठरला आणि चिखल नको म्हणून सासऱ्यांनी सगळीकडे शहाबादी बसवून घेतली. नणंदेची मुलगी आता नोकरीला लागली, फरशी आहे तिथेच आहे. कडेला एक नारळ, तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड आणि नवऱ्याची 'एकदा दुरुस्त करू' म्हणून ठेवलेली लूना.

मार्च उजाडला की त्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. मागच्या खोलीची भिंत रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागते. आणि पाऊस आला की सगळं पाणी पाच मिनिटांत गटारात.

तर विचारायचं हे की, फरशी सगळी उखडावी का थोडी ठेवावी? खालून काय निघेल? माती विकत आणावी लागेल का? झाडं कुठली? नवरा आंबा म्हणतोय. लेक (वय 11) म्हणतो क्रिकेटला जागा ठेवा. सासूबाई म्हणतात नको. का, तर "साप येतील." पुढे चर्चा बंद.

उगाच_टिवटिव (9 एप्रिल)

आधी फोटो टाका, नाहीतर धागा फाउल. लूनाचाही टाका.

गुंठामंत्री (9 एप्रिल)

40 गुणिले 27 म्हणजे 1080 चौरस फूट. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. म्हणजे नऊ फुटांनी हुकलात, नाहीतर आमच्या पक्षात घेतलं असतं.

थट्टा राहू दे. एका गुंठ्यात घराला पुरून शेजारी वाटायची भाजी निघते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, प्रयोग परिवारवाले, दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं हे मांडत आले. गणिताचा माणूस होता, पानं आणि ऊन मोजून बोलायचा. तुमच्याकडे त्याचा दहावा हिस्सा आहे. काढा फरशी.

निवृत्त_अभियंता (9 एप्रिल)

मातीचा हिशेब आधी करावा. पूर्ण क्षेत्रावर 9 इंच माती टाकायची तर 810 घनफूट, म्हणजे 8 ब्रासच्या वर. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रास धरतात. आठ खेपा. परसात ट्रॉली जाते का? जात नसेल तर घमेल्याने वाहून नेणारी माणसं धरा. बहुतेक लोकांचा उत्साह इथेच संपतो.

पाण्याचंही सांगतो. तुमचं परस जवळपास 100 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. नुसता 10 मिलिमीटरचा शिडकावा झाला तरी 1000 लिटर पाणी तुम्ही गटारात सोडता.

आगरातला_बाबा (10 एप्रिल)

माती विकत आणायचं मनातही आणू नका. विकतच्या मातीतून हरळी आणि लव्हाळा फुकट येतो आणि मग जन्मभर उपटत बसा. आमच्या गुहागरकडे माती म्हणजे जांभ्याच्या खाचेत साचेल तेवढीच, त्यातही माणसं नारळ-पोफळी उभ्या करतात.

नारळ आहे म्हणता तर एक सांगतो. शेणखताचा ढीग त्याच्याजवळ घालू नका. गेंड्या भुंगा शेणखताच्या ढिगात वाढतो आणि मोठा झाला की नारळाच्या कोवळ्या सुळक्यात शिरतो. पान उलगडलं की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. तसं दिसलं तर समजा, पाहुणे आलेत.

संत्र्याचा_माणूस (10 एप्रिल)

ताई, गरम भिंतीचं काय कौतुक सांगता, आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. फरशीवर पापड वाळत नाही, भाजूनच निघते! :ड

पण गंभीरपणे, पश्चिमेच्या भिंतीला वेल चढवा. फरशी काढण्याआधीच फरक कळेल. आम्ही कृष्णकमळ लावलं, दोन उन्हाळ्यांत कूलर एक नंबर कमी करावा लागला.

कोल्हापुरी_ठेचा (10 एप्रिल)

आंबा घराला खेटून लावू नका. भिंतीपासून 15-20 फूट तरी सोडा. 27 फुटांच्या परसात आंबा म्हणजे पंधरा वर्षांनी परस आंब्याचं आणि तुम्ही भाडेकरू. लावायचाच तर केशरचं कलम, आणि दरवर्षी छाटायची तयारी ठेवा. आम्ही हौसेनं 'हापूस' आणला होता एका नर्सरीतून. सहा वर्षं पाणी घातलं. लागला तो शुद्ध रायवळ. आता लोणच्याला बरा म्हणून मनाची समजूत काढतो.

आणि विचार करून लावा, कारण शहरात आपल्याच परसातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 1975 चा कायदा आहे. लावायला कुणी विचारत नाही.

उगाच_टिवटिव (10 एप्रिल)

लग्नासारखंच की.

जर्सीतली_वैनी (10 एप्रिल)

वाचून इतकं छान वाटतंय! आमच्याकडे न्यू जर्सीत 15 मेच्या आधी मिरचीचं रोप बाहेर ठेवायची छाती होत नाही. कढीपत्ता कुंडीत, थंडीत तो घरात येतो आणि आम्ही त्याच्या खिडकीची जागा अडवतो म्हणून रुसून पानं टाकतो. दुधीचा मांडव गेल्या वर्षी हरणांनी एका रात्रीत संपवला. साप परवडले हो!

सुमनमावशी (10 एप्रिल)

सातारकरीण, एक विचारू? त्या परसात तुमच्या सासूबाई दिवसभरात काय काय करतात, हे घरात कुणाला माहीत आहे का?

मी पंचाहत्तरीची आहे. "साप येतील" हे सांगायला सोपं असतं, कुणी उलट बोलत नाही. माझा अंदाज सांगते. एप्रिल चालू आहे. तुमच्याकडे कुरडया कुठे घालतात? आणि गच्चीवर जायला त्यांचे गुडघे साथ देतात का?

निवृत्त_अभियंता (10 एप्रिल)

मावशी, दंडवत. हा मुद्दा माझ्या नकाशात नव्हता.

फुलपाखरू_वेडा (11 एप्रिल)

लिंबू लावणार असाल तर एक विनंती. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर लगेच चिरडू नका. त्या बहुतेक मॉर्मॉन फुलपाखरांच्या अळ्या असतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, हात लावला तर डोक्यामागून लाल-केशरी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडतात. ब्लू मॉर्मॉन म्हणजे राणी पाकोळी 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे आणि तिचं बाळंतपण लिंबाच्याच जातीवर होतं.

कोल्हापुरी_ठेचा (11 एप्रिल)

म्हणजे लिंबू आम्ही लावायचं, खायचं राज्यानं.

सातारकरीण (12 एप्रिल)

सुमनमावशी, तुमचा प्रतिसाद वाचला, लॅपटॉप तसाच ठेवला आणि आत जाऊन विचारलं. आई गव्हाचा चीक ढवळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गच्चीवर चढायला गुडघे कुणाचे आणू?"

मग सगळंच निघालं. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, उन्हाळ्यात हळद-मिरची, वर्षाचे गहू-ज्वारी ऊन दाखवायला, गाद्या. सगळं त्या फरशीवर साडी अंथरून. चौदा वर्षं या घरात आहे मी, दरवर्षी त्या कुरडया तळून खाते, आणि फरशी कशाला हवी म्हणून विचारत होते.

मला म्हणाल्या, "बाग कर की. मला उन्हाची जागा सोड." कुठली, विचारलं तर चप्पल घालून बाहेर आल्या आणि काठीने दाखवली. बरोब्बर मधोमध, जरा दक्षिणेला. अकरा ते चार नारळाची सावली तिथे येत नाही म्हणे. आम्ही आंब्याचा खड्डा तिथेच आखला होता, खडूने.

उगाच_टिवटिव (12 एप्रिल)

सासूबाई 1, लॅन्डस्केप डिझाइन 0.

गुंठामंत्री (12 एप्रिल)

पण गोची अशी की भाजीलाही तीच जागा लागते. सहा तास ऊन नसेल तर वांगं-टोमॅटो नुसते उंच वाढतात. सगळ्यात चांगलं ऊन कुरडयांना दिलं तर बागेला काय उरलं?

निवृत्त_अभियंता (12 एप्रिल)

उन्हाची जागा वर्षभर एकच नसते. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. डिसेंबरात तोच दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेच्या भिंतीची सावली परसात लांबवर पडते. दर महिन्याला एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता फरशीवर खडूने सावलीची कड आखा. फुकटचा नकाशा.

सुमनमावशी (12 एप्रिल)

भांडण कशाला? वाळवण फेब्रुवारी ते मे. मृग लागला की ती फरशी रिकामीच. कडेला आळं करून वेल लावा आणि सोडा फरशीवर. आमच्या माहेरी तसंच असायचं.

शेतकी_पदवीधर (13 एप्रिल)

उशिरा आलो. कामाचं सांगतो.

फरशीखाली मुरूम निघेल, त्यावर चुन्या-सिमेंटचा थर, आणि बांधकामाचा राडारोडा असेल तर विटांचे तुकडे, प्लास्टर. तो सिमेंटचा थर शक्य तेवढा वेचून बाहेर टाका. जमिनीत राहिला तर ती विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) होते आणि झाडाला लोह मिळत नाही. पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या की हेच कारण बहुतेकदा.

माती आणू नका, करा. मे अखेरपर्यंत जमीन टिकावाने फूटभर खणून तापू द्या. पहिल्या पावसाला ताग दाट पेरा. 40-45 दिवसांनी, फुलं यायच्या आधी, उपटून तिथेच गाडा. तागाच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि पाला कुजून जमीन भुसभुशीत होते. पहिल्या पावसाळ्यात भाजीचा मोह अर्ध्याच जागेत पुरवा.

शेणखत पूर्ण कुजलेलंच. हाताला गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर परत पाठवा. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, ती मुळं खाते आणि रोप उभ्या उभ्या वाळतं. आपण पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालतो.

लिंबासाठी राहुरी विद्यापीठाची फुले सरबती किंवा साई सरबती मागा.

कोल्हापुरी_ठेचा (13 एप्रिल)

जीवामृताचं कुणीच कसं बोललं नाही अजून?

शेतकी_पदवीधर (13 एप्रिल)

बोललो असतो तर धागा शंभरी गाठून रासायनिक विरुद्ध नैसर्गिक मारामारीत बंद पडला असता. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण 200 लिटर पाण्याला आहे: 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर बांधावरची माती. एका गुंठ्याला बादलीभर पुरे. चांगलं आहे, जादू नाही. यापुढे या विषयावर माझा पास.

सातारकरीण (26 मे)

अपडेट. फरशी निघाली! मधली 10 बाय 12 ठेवली, आणि मोरीपासून तिथपर्यंत दोन फुटांची वाट. बाकी दोन माणसांनी चार दिवसांत पहारीने उचलली. खाली मुरूम, त्यात विटांचे तुकडे, दोन काचेच्या गोळीसोड्याच्या बाटल्या, एक चमचा. चमचा आईंनी ओळखला. 1996 पासून हरवला होता, आणि लग्नातल्या एका आचाऱ्यावर त्यांनी इतकी वर्षं संशय धरला होता.

आता वाईट बातमी. काढलेल्या फरश्या आम्ही कुंपणाच्या भिंतीला टेकवून रचून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी लेक बॉल काढायला गेला तर आत विंचू, पिल्लं पाठीवर. आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आगरातला_बाबा (26 मे)

रचलेल्या फरश्या, विटा, लाकडं म्हणजे विंचवाची चाळ. सापही बागेपेक्षा तिथेच येतो, कारण उंदीर तिथे असतो. आजच्या आज हलवा, हातमोजे घालून, एकेक फरशी लांबची कड आधी उचलून. आणि साप दिसलाच तर मारू नका, शौर्यही नको. वन विभागाचा 1926 क्रमांक आहे, सर्पमित्र पाठवतात.

उगाच_टिवटिव (26 मे)

आचाऱ्याची जाहीर माफी कधी?

संत्र्याचा_माणूस (27 मे)

अवांतर: गोळीसोड्याच्या बाटल्या विकू नका, जपून ठेवा. आमच्या इतवारीत जुन्या बाटल्या शोधत लोकं फिरतात.

जर्सीतली_वैनी (27 मे)

अतिअवांतर: गोळीसोड्यातली गोळी काढायला आम्ही बाटली फोडायचो आणि मार खायचो. कुणाला आठवतं?

(यानंतरचे अकरा प्रतिसाद गोळीसोड्यावर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

गुंठामंत्री (2 जुलै)

सातारकरीण, पाऊस झाला ना? काय पेरलंत? धागा वर काढतोय.

सातारकरीण (4 जुलै)

झाला! पहिल्या मोठ्या सरीला आम्ही सगळे मागच्या दारात उभे. आधी पाणी फरशीवरून वाहून जायचं, आता खणलेल्या भागात नुसतं आत जात होतं, बुडबुडे काढत. नवऱ्याने तीन वेळा "बघ, बघ" म्हटलं. लूना विकायला तयार झालाय, यावरून अंदाज घ्या.

अर्ध्यात ताग पेरला, वीतभर आलाय. उरलेल्यात गादीवाफे: भेंडी, गवार आणि कोरेगावकडच्या मावसदिरांनी दिलेला वाघ्या घेवडा. मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि केळीचे दोन मुनवे. आंबा नाही, लिंबू लावलं, साई सरबती. फरशीच्या कडेला आळं करून लाल भोपळा आणि दोडका.

अडचण: गोगलगायी. रात्री बॅटरी घेऊन गेलं की पंधरा-वीस, मुठीएवढ्या. भेंडीची रोपं देठासकट गायब. मीठ टाकावं का?

शेतकी_पदवीधर (4 जुलै)

वाफ्यात मीठ नको, जमीन खारवते. त्या आफ्रिकन गोगलगायी आहेत. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या मध्ये पसरा. रात्री त्याखाली जमतात. पहाटे हातमोजे घालून उचला आणि बादलीत मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. मुलांना उघड्या हाताने उचलू देऊ नका.

कोल्हापुरी_ठेचा (5 जुलै)

गूळ घालून पाहुणचार, मग जलसमाधी. सातारी पद्धत.

सातारकरीण (11 ऑगस्ट)

भोपळ्याला महिनाभर नुसती फुलं. रोज सकाळी फुलतात, दुपारी गळतात. एक फळ नाही. काय चुकतंय?

सुमनमावशी (11 ऑगस्ट)

काही चुकत नाही. आधी नुसती नरफुलं येतात. ज्या फुलाच्या खाली सुपारीएवढी भोपळी दिसते ते मादीफूल. ते आलं की सकाळी साडेसहा-सातला नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा दांडा मादीफुलात हलका फिरवा. उशीर केलात तर फूल मिटतं. दोडक्याचं मात्र संध्याकाळी करा, त्याची फुलं तेव्हा उमलतात.

जादा नरफुलांची भजी करतात, बेसनात ओवा घालून. एवढी फुलं फुकट घालवू नका.

फुलपाखरू_वेडा (12 ऑगस्ट)

मधमाश्या असत्या तर हे करावं लागलं नसतं. वाफ्यांच्या कडेला झेंडू आणि तुळशीची मंजिरी राहू द्या. मंजिरी खुडायची घाई करू नका.

लिंबावर अळ्या आल्या का?

सातारकरीण (12 ऑगस्ट)

आल्या. सात. लिंबाला पानंच एकोणीस होती, आता चार आहेत. लेकाने बरणीत एक ठेवली होती, परवा फुलपाखरू निघालं. काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ.

फुलपाखरू_वेडा (12 ऑगस्ट)

तो कॉमन मॉर्मॉनचा नर. राणी पाकोळी नव्हे, पण घराण्यातलाच. लिंबू फुटेल परत, काळजी नको.

नवा_सभासद_07 (3 ऑक्टोबर)

आजच धागा वाचला. आमचंही असंच आहे, पुढे पेव्हर ब्लॉक आहेत. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. फरशी काढावी की नाही?

गुंठामंत्री (3 ऑक्टोबर)

मी पहिल्या दिवशी "काढा" म्हणून मोकळा झालो होतो. आता म्हणतो, आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चहा द्या आणि विचारा.

निवृत्त_अभियंता (3 ऑक्टोबर)

पेव्हर असतील तर सोपं. वाळूवर नुसते रचलेले असतात, हवे तिथले उचला, नको वाटलं तर परत बसवा. शहाबादीसारखी पहार लागत नाही. आधी वर्षभर खडू वापरा.

सातारकरीण (5 ऑक्टोबर)

नवे सभासद, आमचा हिशेब असा. मागची खोली गार झाली का ते एप्रिलमध्येच कळेल, आत्ता सांगितलं तर पावसाचं श्रेय मी घेतल्यासारखं होईल. ताग गाडला तिथे आता टिकाव न लागता खुरपं जातं. जिथे घाईने भाजी लावली तिथली जमीन अजून दगड आहे. भेंडी गोगलगायींनी खाल्ली, गवार आम्ही, घेवडा सगळ्यांनी.

आणि भोपळा. वेल सगळ्या वाळवणाच्या फरशीवर पसरलाय, दगड दिसत नाही. नऊ भोपळे आहेत. मातीवरचे दोन खालून नासले, फरशीवरच्या सातांना डागही नाही. आई रोज संध्याकाळी काठीने पानं बाजूला करून मोजतात. "जानेवारीत वेल काढायचा हं," असं आठवड्यातून दोनदा बजावतात.

सगळ्यात मोठा साडेसहा किलोचा निघाला. घारगे झाले, भरीत झालं, शेजारी तीन घरांत गेला, अजून अर्धा फ्रिजमध्ये आहे. आणखी काय करता येईल?

उगाच_टिवटिव (5 ऑक्टोबर)

लूनाला मागे बांधून सांगलीला पाठवा.

सातारकरीण (5 ऑक्टोबर)

लूना विकली गेली नाही. तिच्यावर दोडका चढलाय.

उगाच_टिवटिव (5 ऑक्टोबर)

फोटो!!!